एकावन्न सौरचुली

दिल्लीहून आलेला फॅक्स सुमंत पुराणिकानं तीनदा वाचला, आणि तिन्ही वेळा त्यात तेच लिहिलेलं निघालं. चोवीस ऑक्टोबर, सकाळी साडेआठ, दशाश्वमेध घाट. 'दिनमणी ऊर्जा' कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर स्वतः बनारसला येणार, नुसत्या उन्हावर भात शिजवून दाखवणार आणि घाटाजवळच्या एकावन्न कुटुंबांना एकेक सौरचूल फुकट वाटणार. खाली कंपनीचं ब्रीद छापलं होतं, 'स्थानिक समाज, शाश्वत विकास'. आणि त्याच्याही खाली कुणीतरी पेनानं खरडलं होतं की कार्यक्रम नीट पार पडला तर सुमंतच्या कायम नेमणुकीचं पत्र एमडीसाहेब तिथेच त्याच्या हातात देतील.

सुमंतला ब्रीदापेक्षा हे खरडलेलं जास्त आवडलं. दीड वर्षं तो कंपनीचा 'तात्पुरता स्थानिक अधिकारी' होता. सहा महिन्यांची मुदत दोनदा वाढवून झाली होती. शाश्वत विकास करणाऱ्या कंपनीत एकटा तोच काय तो अशाश्वत होता.

फॅक्स घेऊन तो रामघाटावर घरी आला आणि वडिलांसमोर धरला. वासुदेवशास्त्री पुराणिक पौरोहित्य करायचे आणि पंचांग बघितल्याशिवाय दाढीसुद्धा करायचे नाहीत. त्यांनी तारीख वाचली आणि चष्मा वर केला.

"सुमंता, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस ना हा? त्या दिवशी सूर्यग्रहण आहे. साडेसातला स्पर्श, दहाला मोक्ष. साडेआठला तुझा सूर्य अर्धाअधिक गिळलेला असेल. भात कशावर शिजवणार?"

सुमंत तसाच एसटीडी बूथवर पळाला. दिल्लीला जनसंपर्काच्या मॅडम फोनवर आल्या.

"मॅडम, उस दिन तो ग्रहण है."

"पता है, सुमंतजी. इसीलिए तो वो दिन चुना है. लाखों लोग घाट पर होंगे."

"लेकिन सूरज नहीं होगा."

"कितनी देर?"

"ढाई घंटे."

"तो बैकअप रखिए ना!"

सूर्याचा बॅकअप कुठे मिळतो, हे विचारायचं सुमंतच्या ओठांवर आलं होतं. पण नोकरी तात्पुरती असली की प्रश्नही बेतानं विचारावे लागतात. त्यानं एवढंच समजावलं की ग्रहणात कुणी शिजवत नाही, कुणी खातही नाही. बऱ्याच घासाघिशीनंतर भात रद्द झाला आणि वाटप साडेदहावर गेलं.

"अजून एक आहे," घरी आल्यावर शास्त्रीबुवा म्हणाले. "ग्रहणाच्या दिवशी कुणाच्या हातून फुकट काही घेत नाहीत रे. देणाऱ्याची पीडा घेणाऱ्याच्या मागे लागते."

"नाना, हे दान नाही, योजना आहे."

"असं होय," म्हणून शास्त्रीबुवांनी पंचांग मिटलं.

नावं गोळा करायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. फुकट म्हटल्यावर रामघाटाची अख्खी गल्ली दारात उभी राहिली. यादीत पहिलं नाव वेदपाठशाळेच्या काशीनाथ गुरुजींचं. "एका घरात दोन मिळतात का?" असंही त्यांनी विचारून घेतलं. त्या गल्लीत सूर्याचा पाय कधी पडत नाही, आणि छतांवर माकडांचं राज्य आहे, हे कुणालाच आठवलं नाही. एकावन्न जणांनी एकावन्न अर्जांवर आनंदानं सह्या केल्या. तारीख मात्र कुणी वाचली नाही.

चोवीस तारीख उजाडली. घाटावर मुंगी शिरायला जागा नव्हती. गळ्याइतक्या पाण्यात लोक जप करत उभे होते, आणि वर मांडवात एमडीसाहेब कंपनीचं नाव छापलेला काळा चष्मा लावून खुर्चीवर बसले होते. ग्रहण अगदी ऐन भरात असताना त्यांनी डबा उघडला आणि सँडविच खाल्लं. आजूबाजूच्या दोनशे माणसांनी ते पाहिलं. माळा विकणाऱ्या एका बाईनं तर कानाला हात लावले आणि टोपली उचलून दहा पायऱ्या लांब जाऊन बसली.

तिकडे साहेबांबरोबर आलेल्या मॅडमना स्थानिक संस्कृतीचा मान राखायचा होता. आज इथले लोक काय काय देतात, असं त्यांनी गल्लीतल्या दुकानदाराला विचारलं. त्यानं प्रामाणिकपणे सगळं बांधून दिलं. त्यामुळे मोक्ष झाल्यावर मांडवातला पडदा सरकला तेव्हा एकावन्न सौरचुली ओळीनं मांडलेल्या दिसल्या. काळा रंग दिलेले लोखंडी पत्र्याचे डबे, प्रत्येकावर काळं कापड, कापडावर मूठभर काळे तीळ आणि शेजारी मोहरीच्या तेलाची बाटली.

ग्रहपीडा उतरवायला याहून शास्त्रोक्त मांडणी सुमंतच्या वडिलांनासुद्धा जमली नसती.

"श्री काशीनाथ गुरुजी!" लाउडस्पीकर गरजला.

गुरुजी ओल्या पंच्यानिशी लगबगीनं आले, डबा पाहिला आणि जागच्या जागी थबकले. एमडीसाहेबांनी दोन्ही हातांनी सौरचूल पुढे केली. गुरुजींनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"गुरुजी, घ्या ना," सुमंत कुजबुजला. "फोटो काढायचाय."

"वेड लागलंय का तुला? तुझ्या साहेबाचं ग्रहण माझ्या गळ्यात बांधतोस? ग्रहणात खातो काय, लोखंड वाटतो काय! मला मालूम असतं तर सहीच केली नसती!" आणि गुरुजी गर्दीत दिसेनासे झाले.

दुसरं नाव पुकारलं, कुणी आलं नाही. तिसरं आलं आणि गुरुजींच्या वाटेनं परत गेलं. दहाव्या नावापर्यंत घाटावर बातमी पसरली की दिल्लीच्या एका बड्या शेठनं फार मोठं पाप केलंय आणि तो ते काशीत कुणाच्या तरी डोक्यावर टाकायला आलाय.

"इक्यावन डिब्बा!" एक नावाडी म्हणाला. "हमरे गाँव में एक खून हुआ रहा, ओमें भी एक्कै डिब्बा लगा था."

"बैंक का घोटाला होगा," दुसऱ्यानं अंदाज बांधला. लोक एमडीसाहेबांकडे कणवेनं बघू लागले. एका म्हातारीनं लांबूनच त्यांची दृष्ट काढली.

"क्या कह रहे हैं ये लोग?" साहेबांनी विचारलं.

"सर, आपकी चिंता कर रहे हैं."

"सुमंत, मुझे चिंता नहीं, फोटो चाहिए." साहेबांनी कोटाचा खिसा थोपटला. लिफाफ्याचं टोक बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं. सुमंतला ते अगदी स्पष्ट दिसलं.

तो धावत पायऱ्यांवर बसलेल्या वडिलांकडे गेला. "नाना, काहीतरी तोड काढा. नाहीतर मी उद्यापासून घरी बसणार."

"योजना आहे ना ती?" शास्त्रीबुवांनी आधी ते वसूल करून घेतलं, मग म्हणाले, "फुकट घेतलं तर दान. बदल्यात काही दिलं तर व्यवहार. साहेबांना म्हणावं, तुम्हीही काहीतरी घ्या."

सुमंतनं हे मॅडमना सांगितलं आणि मॅडमचे डोळे चमकले. "पुराना चूल्हा! पुराना चूल्हा दो, सोलर चूल्हा लो! सर, कोयला छोड़ो, सूरज जोड़ो!" साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी लगेच घोषणा करून टाकली.

अर्ध्या तासात अख्खा रामघाट परत आला. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. बूड गेलेल्या शेगड्या, पंप हरवलेले स्टोव्ह, माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या लोखंडी चुली. गुरुजींनी आणलेल्या शेगडीला एकच पाय होता. लोक एकेक करून पुढे यायचे, शेगडीत चिमूटभर तीळ टाकायचे, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि ती साहेबांच्या हातात द्यायचे. साहेब ती छातीशी धरून फोटो काढून घ्यायचे. मग ते लोक तीळ आणि काळं कापड नीट झटकून नुसती सौरचूल घेऊन जायचे.

"देखा?" साहेब भारावून म्हणाले. "आशीर्वाद दे रहे हैं."

सुमंतनं वडिलांना हळूच विचारलं, "नाना, हे पुटपुटतायत काय?"

"संकल्प. गोत्रासकट. ग्रहणाचा दिवस, गंगेचा काठ, लोखंड, तीळ, आणि घेणारा आपणहून हात पसरून उभा! असा योग कुणी सोडेल का? आपल्या मुहल्ल्याची सगळी पीडा आज दिल्लीला चालली, बघ."

एकावन्नावी शेगडी घेऊन झाली. साहेबांचा कोट कोपरापर्यंत काळा झाला होता, पण चेहरा कसा उजळला होता. या सगळ्या शेगड्या दिल्लीच्या ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवायच्या, असं त्यांनी जाहीर केलं. मग खिशातून लिफाफा काढला आणि दोन्ही हातांनी सुमंतपुढे धरला.

"सुमंत, स्थानिक समाज को तुमसे अच्छा कोई नहीं समझता. ये लो. तुम परमनंट."

दीड वर्षं ज्या कागदासाठी जीव टाकला तो समोर होता. सुमंतनं हात पुढे केला, आणि तो हात मधेच थांबला. एकावन्न घरांची पीडा नुकतीच पदरात घेतलेला माणूस ग्रहणाच्या दिवशी त्याला काहीतरी देत होता. तेही फुकट! काशीनाथ गुरुजी मान हलवून 'नको, नको' अशी खूण करत होते. नानांनी तर डोळेच मिटून घेतले होते.

"सर," सुमंतच्या तोंडून कसेबसे शब्द फुटले, "आज रहने दीजिए. पोस्ट से भेज दीजिए. रजिस्टर्ड."

साहेबांचा चेहरा उतरला. "मतलब? नहीं चाहिए?"

तेवढ्यात गर्दीतून सुमंतची बायको मृणालिनी पुढे आली. तिच्या हातात स्टोव्ह होता. मघाशी तीही रांगेत होती. पण कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सौरचूल मिळत नाही असं सांगून मॅडमनी तिला परत पाठवलं होतं. तिनं स्टोव्ह साहेबांच्या हातात ठेवला आणि त्याच हातातून लिफाफा काढून घेतला.

"हो गया, सर. अदला-बदली."

"वाह!" साहेब ओरडले. "अपने घर से शुरुआत! फोटो, फोटो!"

गल्लीतून घरी जाताना सुमंतला भान आलं. "मृणाल, तो आपला रोजचा स्टोव्ह होता! चालू होता तो!"

"ठाऊक आहे. आपल्याकडे मोडका कुठे होता?"

"मग आता स्वयंपाक कशावर?"

"चार दिवस नाना कचोरी आणतील. अहो, गॅसच्या एजन्सीवाल्याला कायम नोकरीचा कागद लागतो. त्याच्यासाठी दीड वर्षं थांबलेय मी." तिनं लिफाफ्यावरची काजळी पदरानं पुसली. "भाऊबीज झाली की आधी जाऊन नंबर लावून या."

आजूबाजूच्या घरांतून कोळशाचा धूर निघायला लागला होता. ग्रहणाचा उपास सोडायची घाई सगळ्यांनाच होती, आणि चांगल्या शेगड्या सगळ्यांनी घरीच ठेवल्या होत्या. दिनमणी ऊर्जा कंपनीचा कायम अधिकारी त्या धुरातून वाट काढत चालला होता.

मग त्यानं विचारलं, "सिलिंडर एक घ्यायचा की दोन?"