उंडेवाडीची मेलबर्न पद्धत

निसर्गाचं रक्षण करायचं तर माणसाला आधी विमानात बसावं लागतं. गावात राहून हे काम होत नाही. गावात निसर्ग सगळीकडे पसरलेला असल्यामुळे तो दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचं रक्षण करणं शासकीय पातळीवरही अवघड मानलं जातं.

उंडेवाडीचे बद्रीनाथ नाना या कामासाठी मेलबर्नला गेले. म्हणजे गेले होते थोरल्या मुलाकडे, आदिनाथकडे, तीन महिने राहायला. पण परत आले ते पर्यावरण घेऊन. सोबत पुष्पाबाई होत्या. त्या परत आल्या गुडघे घेऊन. (नेलेलेच, पण बरेच वापरलेले.)

उंडेवाडी हसनाबादपासून सात किलोमीटर आत आहे. मेलबर्नपासून किती आत आहे, हे अजून कुणी मोजलेलं नाही.

पुढील मजकूर मेलबर्नच्या धर्तीवर पायी फेरी म्हणून मांडला आहे. वाचकांनी गटासोबत राहावं, कचरा करू नये आणि मार्गदर्शकाला मधेच अडवू नये.

थांबा पहिला: मेलबर्न

ज्याच्याकडे काहीच नाही तो चालला तर लोक त्याला गरीब म्हणतात. ज्याच्या दारात दोन मोटारी आहेत तो चालला तर त्याला जागरूक म्हणतात. हे तत्त्व नानांना पहिल्याच रविवारी उमगलं.

रविवारी आदिनाथ दोघांना शहर दाखवायला न्यायचा. घरापासून स्टेशनपर्यंत मोटार, स्टेशनापासून शहरापर्यंत रेल्वे, आणि शहरात उतरलं की पर्यावरण सुरू. शहराच्या मधल्या भागात ट्राम फुकट. कंडक्टर नाही, तिकीट नाही, 'सुट्टे काढा' नाही. नाना पहिल्या दिवशी दर थांब्यावर उतरले आणि मागच्या ट्राममध्ये चढले.

"फुकट हाय तर बसा की गुमान," पुष्पाबाई म्हणाल्या. "सारखं काय उतरून राह्यले?"

"उतरल्याबिगर परत चढता येतं का?" नाना म्हणाले. या प्रश्नाला मेलबर्नमध्येही उत्तर नव्हतं.

नदीकाठी एक मुलगी पंधरा-वीस माणसांना झाडं दाखवत होती. हे झाड. ही त्याची साल. सालीला हात लावा. आता डोळे मिटा आणि पाखरं ऐका. सगळ्यांनी डोळे मिटले. नानांनीही मिटले. पुष्पाबाईंनी एकच मिटला.

"आवं, कावळाच हाय की ह्यो."

"इथला कावळा हाय."

"मंग? इथला म्हणून भजन म्हणून राह्यला का?"

नानांनी लक्ष दिलं नाही. ते बघत होते की माणसं घरून पाण्याची बाटली आणतात, घरून कापडी पिशवी आणतात, आणि चहाच्या दुकानात घरचा कप पुढे केला की दुकानदार कौतुकाने हसतो. (उंडेवाडीच्या हॉटेलातही पूर्वी काही ठरावीक घरांतल्या माणसांना आपला कप आपण आणावा लागे. गाव पर्यावरणात किती पुढे होतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांचा कप होता त्यांच्या मात्र अजून लक्षात आहे.)

थांबा दुसरा: नानांची ओसरी

नाना गावी आले, तेव्हा त्यांची नात आकांक्षा, म्हणजे धाकट्या भारतची मुलगी, हसनाबादच्या कॉलेजात अकरावीला गेली होती. उंडेवाडीला एक एसटी होती. सकाळी साडेदहाला यायची, संध्याकाळी परत आणायची. कॉलेज आठला भरायचं. त्यामुळे आकांक्षाला मधल्या सुट्टीनंतरचं शास्त्र येत होतं आणि आधीचं येत नव्हतं. पेशीचा बाहेरचा भाग तिला पाठ होता. आत काय असतं ते साडेनऊला शिकवून झालेलं असे.

मुलींना एसटीचा पास मोफत आहे. तो तिच्याजवळ होता. भारतची फटफटी सकाळी दुधाचे कॅन घेऊन उलट्या दिशेला जायची. सायकल काढावी, असा विचार त्या रस्त्यावर सायकलीच्याही मनात येत नसे.

"नाना," आकांक्षा म्हणाली, "तुम्ही एवढं फुकट ट्राममध्ये बसून आले. सकाळच्या एका गाडीचं बघा ना. बाबा म्हनून राह्यलेत, असं अर्धंच शिकायचं तर मंग घरीच बस."

भारत तसं म्हणत होता, हे खरं होतं. तो वाईट माणूस नव्हता. आठवीपासूनच मुलीसाठी स्थळं येऊ लागली होती आणि तो प्रत्येकाला 'कॉलेज चालू हाय' एवढं एकच उत्तर देऊ शकत होता. कॉलेज बंद पडलं तर त्याच्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं.

नाना ओसरीवर बसून मेलबर्नचं लाल जाकीट घालून विचार करत राहिले. (बाहेर बेचाळीस अंश होते. जाकिटाने विचार बरोबर येतात, असा त्यांचा अनुभव होता.)

थांबा तिसरा: अर्ज

सकाळच्या गाडीसाठी गावाने आजवर पुष्कळ अर्ज केले होते. त्यांची उत्तरं आली नव्हती, त्यामुळे ते नामंजूर झालेत असं म्हणता येत नव्हतं. गाव त्या समाधानात होतं.

नानांनी वेगळा मार्ग काढला. "बस मागितली की कोणी देत न्हाई," ते सरपंच राधाकिसनला म्हणाले. "आपुन पर्यावरण मागायचं. त्यात बस येती."

"नाना, तिकडं खरंच फुकट हाय का हो?"

"बिलकुल. अन का हाय? तर लोकं चालतेत म्हणून. सरकारनं बघितलं, लोकं चांगली हायत, चालून राह्यलीत, तर सरकारला लाज वाटली अन ट्राम दिली. आपुन आधी चालून दाखवायचं."

मेलबर्नमध्ये ट्राम आधी आली की लाज आधी आली, याची नानांना नक्की माहिती नव्हती. पण युक्तिवादात क्रम फार बघायचा नसतो.

अर्ज 'हरित पर्यटन प्रोत्साहन कक्ष' नावाच्या कचेरीकडे गेला. ही कचेरी नवी होती आणि तिच्याकडे आजपर्यंत कुणी काही मागितलं नव्हतं. उत्तर आठ दिवसांत आलं. कक्षप्रमुख राजानंद साहेब स्वतः पाहणीला येणार होते.

थांबा चौथा

(या थांब्यावर गाडी थांबत नाही.)

थांबा पाचवा: पाहणी

साहेब येणार म्हटलं, की गाव जसं आहे तसं दाखवणं हा साहेबाचा अपमान असतो. पाहणी शाळेची असेल तर शेजारच्या वाडीची मुलं आणून पट भरतात. पाहणी दुष्काळाची असेल तर हिरवी चादर दोरीवरून काढून ठेवतात. यात फसवणूक नाही, पाहुणचार आहे. पाहुण्याला जे बघायचं असतं ते त्याला शोधावं लागू नये.

नानांच्या देखरेखीखाली उंडेवाडी दोन दिवसांत मेलबर्न झाली. सगळ्या फटफट्या गोठ्यांत नेऊन वर कडबा टाकला. सरपंचांची जीप शाळेच्या मागे ताडपत्रीखाली गेली. ट्रॅक्टर झाकता येईना, म्हणून त्याच्याभोवती बायका बसवल्या. लग्नाच्या बस्त्यात मिळालेल्या दुकानांच्या पिशव्या घरोघरी होत्याच, त्या उलट्या करून कापडी केल्या. पाराच्या लिंबाला पाटी लावली: 'हे झाड. सालीला हात लावावा.'

आकांक्षा आणि तिच्या चार मैत्रिणींना सात किलोमीटरच्या रस्त्यावर चालत ठेवायचं ठरलं. साहेबांच्या गाड्या आल्या की त्यांनी हसायचं.

"चालता चालता हसायचं?" आकांक्षाने विचारलं.

"हां. मेलबर्नला समदे हसत चालतेत."

"त्यांना माघारी ट्राम हाय, नाना."

नाना म्हणाले, "एकच दिवस. साहेबांचं जेवण झालं, की मी गाडीचा विषय काढतो."

जेवणाआधी काम सांगायचं नाही, हा गावाचा जुना नियम. भुकेल्या माणसाला काम सांगितलं की तो ऐकत नाही, आणि वाईट दिसतं ते वेगळंच.

साहेब आले. तीन गाड्या आल्या. थंड हवा उतरू नये म्हणून तिन्ही गाड्या दिवसभर चालूच ठेवल्या होत्या. वाटेत साहेबांनी काच खाली करून मुलींना विचारलं, "चालायला आवडतं का?" मुली शिकवल्याप्रमाणे हसल्या. आकांक्षाच्या ओठावर गाडीचा विषय आला होता, पण साहेब अजून जेवले नव्हते.

साहेबांनी सालीला हात लावला. साहेबांनी कावळा ऐकला. साहेब भारावले. नेमकी त्याच वेळी साडेदहाची एसटी काळा धूर सोडत पारापाशी आली. साहेबांनी रुमाल नाकाला लावला.

जेवणात बाजरीची भाकरी, ठेचा, पिठलं, आणि साहेबांच्या पंगतीला गुपचूप मटण. नानांनी पान आणलं. साहेबांनी पान तोंडात घातलं. विषय काढायला याहून चांगली वेळ नसते. नाना हात जोडून उठले, आणि साहेबही उठले. दोघं एकदम उठले तर आधी साहेबांनी बोलायचं असतं.

"मला घोषणा करायला आनंद होतो," साहेब म्हणाले.

घोषणा म्हटलं की टाळी. पहिली टाळी नानांनीच वाजवली. मांडवाने ती उचलली. टाळ्या इतक्या दणदणीत होत्या, की साहेब काय म्हणाले ते त्या संपल्यावर कळलं. उंडेवाडी हे 'संपूर्ण पायी हरित गाव' झालं होतं, आणि या निर्मळ गावाला काळं करणारं एकमेव वाहन, म्हणजे एसटी, साहेबांनी वरिष्ठांना मांडवातूनच फोन करून सन्मानपूर्वक बंद करवली होती.

"साहेब, आमचं म्हणणं उलटं..." नाना म्हणाले. पण तोवर त्यांच्या अंगावर शाल पडली होती. शालीतून आवाज नीट जात नाही.

एसटीचाही सत्कार झाला. हार घातला, चाकापाशी नारळ फोडला, चालकाला टोपी दिली. पहिल्यांदा गाडी गावात आली होती तेव्हाही इथेच नारळ फोडला होता. तेव्हा फोडणाऱ्या पुष्पाबाईच होत्या. या वेळी नारळ त्यांच्या हातात दिला तर त्यांनी तो फोडला नाही, घरी नेला.

"तिकडून येतानी पर्यावरणाऐवजी दोन कप आणले असते तर बरं झालं असतं," त्या रात्री त्या नानांना एवढंच म्हणाल्या.

विनंती थांबा

"मंग कालेज बंद," भारत म्हणाला. "एवढ्या दूर पोरीला एकलीला पायी न्हाई धाडणार."

चार मैत्रिणींपैकी एक मामाच्या गावी गेली, दोघी घरी बसल्या, एकीचा साखरपुडा झाला. (कक्षाच्या अहवालात हे 'प्रवाशांच्या संख्येत ऐंशी टक्के घट, पर्यायाने प्रदूषणात तेवढीच घट' असं आलं आहे.)

आकांक्षाने पास काढला, त्यावरची तारीख बघितली. पास चालू होता.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत नाना लाल जाकीट घालून अंगणात उभे होते. आकांक्षाचं दप्तर त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं.

"नाना, सात किलोमीटर हाय."

"मेलबर्नला ह्याच्याहून जास्ती चाललो."

"तिथं मधी मधी बसून राह्यल्ते तुम्ही. आज्जीनं सांगितलंय."

"चल जल्दी. पेशीच्या आत काय असतंय ते बघायचं हाय मला."

तेव्हापासून दोघं रोज चालतात. नाना कॉलेजसमोरच्या लिंबाखाली थांबतात आणि दुपारी तिला घेऊन येतात. आकांक्षाला आता शास्त्र पहिल्या तासापासून येतं. गाव हरित झाल्यापासून तिचं शिक्षण सुधारलं, असं साहेब भाषणांत सांगतात, आणि ते खोटं म्हणता येत नाही. भारतने एकच अट घातली आहे: नाना चालतात तोवर कॉलेज. नानांचा डावा गुडघा गेल्या महिन्यापासून पुष्पाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या पंगतीला बसला आहे. रात्री पुष्पाबाई त्याला तेल लावतात.

शेवटचा थांबा: पर्यटक सूचना

उंडेवाडीला शनिवारी पायी फेरी असते. शहरातून पुष्कळ गाड्या येतात. मधे एक बाई आल्या होत्या. त्यांनी गाडी नाना-नातीच्या बाजूने हळूहळू चालवत बराच वेळ चित्रण केलं. मग काच खाली करून म्हणाल्या, "किती गोड! रोज चालता? आमच्या मुलीला क्लासला कोपऱ्यावरसुद्धा सोडावं लागतं."

"काकू, हसनाबादपर्यंत सोडता का?" आकांक्षा म्हणाली. "नानांचा पाय दुखून राह्यलाय."

बाईंनी मागच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. नानांकडे बघितलं. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं.

"अगं, बसवलं असतं गं," त्या म्हणाल्या, "पण तुमचा नियम मोडेल ना."

तेव्हा आपण सर्वांनी अवश्य यावं. आपल्यालाही निसर्गाची आवड आहे, त्याशिवाय आपण इथपर्यंत वाचत आला नसता. पाण्याची बाटली घरून आणावी. कप आणला तर उत्तम. गाडी शाळेच्या मागे सावलीत लावायची सोय आहे. सरपंचांची जीप तिथून काढली आहे. वाटेत लाल जाकिटातले एक म्हातारे आणि एक मुलगी चालताना दिसतील. फोटो जरूर काढावा, पण काच खाली करू नये. आतली थंड हवा वाया जाते, आणि ते पर्यावरणाला बरं नाही.