पलीकडचा ओ

आमच्या पोंभुर्ण्याच्या चर्चमध्ये प्रत्येक गीत दोनदा संपतं. एकदा आम्हा सगळ्यांचं आणि नंतर दानिएलभाऊंचं. शेवटचा शब्द ते सोडतच नाहीत. ‘स्तुती तुझीऽऽऽ’ करत दम संपेपर्यंत ताणतात. डोक्यावरचे पत्रे थरथरतात, आणि भाऊ मात्र पुरुषांच्या बाजूला उभे राहून बायांच्या बाजूकडे बघत असतात.

पेटी मी वाजवते. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन इथल्या शाळेत आले, तेव्हापासून. सुराच्या बाबतीत मी जरा तापटच आहे. मी काळी चार धरली की भाऊ काय धरतील, ते देवच जाणे!

भाऊ तळ्यावर मासे धरतात. साठी उलटली, पुढचा एक दात गायब, खांद्यावर कायम दुपट्टा. जाळं भरून आलं तरी स्तुती, रिकामं आलं तरी स्तुती. एकदा गाळात कमरेपर्यंत रुतले. माणसं दोर घेऊन धावली, तर हे तिथेच हात वर करून गात होते! वर काढल्यावर म्हणाले, “माह्यानं निघनं होत नाई, पन त्याच्यानं काढनं होते ना!”

मी एकदा स्पष्टच सांगितलं, “भाऊ, तुम्ही बेसूर गाता.”

“सूर मले गवसतच नाई, मॅडम. पन गळा लहान, देव मोठा! तो का माह्या गळ्याच्या मापाचा हाये?”

घ्या, कप्पाळ!

यंदा ईस्टरला राजुऱ्याहून गाणारी मंडळी येणार होती. माझी अब्रू पणाला लागलेली. आदल्या दिवशी मी भाऊंना गाठलं आणि म्हटलं, “उद्या नुसते ओठ हलवा. आवाज नको.”

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. मग म्हणाले, “तुमी म्हनान तसं.” नेहमीचं ‘देव मोठा’सुद्धा म्हणाले नाहीत.

ईस्टरला पहिलं गीत कसं अगदी रेखीव झालं. एकही सूर इकडचा तिकडे नाही. आणि इतकं अळणी, की माझं मलाच नकोसं वाटलं. प्रभू कबरेतून उठल्याची बातमी आम्ही हजेरी घेतल्यासारखी सांगत होतो. भाऊ खाली मान घालून ओठ हलवत होते.

मागून रूथआजींनी मला टोचलं. “काऊन वो मॅडम, दानिएलले गप्प बसवलं?”

“शेवट किती ताणतात हो ते!”

“अवो, त्याची मार्था होती ना! जाळ्याचं एक टोक याच्या हाती, दुसरं पलीकडं तिच्या. यानं हाक द्यायची, तिनं ‘ओ’ द्यायचा, मंगच वढायचं. ओ येईपर्यंत हाक तोडत नाई, तळ्याची रीतच हाये. इथीबी ती बायांतून ‘ओ’ देत होती. तुमी आल्या त्याच्या आदल्या साली गेली बिचारी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं हा माणूस हाक देत होता, आणि मी त्याचा सूर तपासत बसले होते.

शेवटचं गीत आलं. मी भाता थांबवला आणि पाहुण्यांदेखत ओरडले, “दानिएलभाऊ, गळा उघडा!”

भाऊंनी चमकून वर पाहिलं. आणि मग जो उघडला म्हणता! राजुऱ्याची मंडळी दचकली. माझी पेटी एकीकडे, भाऊ दुसरीकडे, आणि त्यांच्यामागे अख्खं चर्च बेभान होऊन गात होतं. सगळ्यांचं संपलं. भाऊंचं ‘स्तुती तुझीऽऽऽ’ एकटंच उरलं.

मी उभी राहिले. होता नव्हता तेवढा दम लावून बायांच्या बाजूने ओरडले, “ओऽऽऽ!” पार बेसूर. माझ्यामागून रूथआजी, मग सगळ्याच बाया, “ओऽऽऽ!”

भाऊ थांबले. तीन वर्षांत पहिल्यांदा, दम संपण्याआधी. दुपट्ट्याने डोळे पुसले, आमच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “हं. वढा मंग!”