हत्ती नसलेल्या पुस्तकाचा अहवाल

पुस्तकात जे लिहिलेलं असतं ते वाचून संपतं. जे लिहिलेलं नसतं त्यावर मात्र माणसाला निवृत्तीपर्यंत काम मिळतं. हे मी अनुभवानं सांगतो. ‘हत्ती आणि बाकीचे’ या बालपुस्तकाच्या शीर्षकाचा अर्थ ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीचा मी नऊ वर्षं चिटणीस होतो.

सदर पुस्तक बत्तीस पानांचं आहे. त्यात एक बदक, एक कासव, दोन ससे आणि चष्मा लावणारी एक शेळी आहे. हत्ती नाही. पहिल्या पानावर नाही, शेवटच्या पानावर नाही, जत्रेच्या चित्रात मागे कुठे उभा असेल म्हणावं तर तिथंही नाही (भिंगानं पाहिलं, भिंग मंजूर व्हायला चौदा महिने लागले). पन्नास वर्षं मुलं हे पुस्तक आवडीनं वाचतात आणि शेवटी विचारतात, हत्ती कुठाय? आईबापांना उत्तर येत नाही. आईबापांना उत्तर येत नाही हे मुलांना कळणं समाजाच्या दृष्टीनं बरं नव्हे, सबब समिती.

अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना सगळे हेडसर म्हणत. सदस्य म्हणून प्राण्यांचे डॉक्टर हवे होते, ते मिळाले नाहीत, म्हणून वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक घेतले. शेवटच्या बैठकीपर्यंत त्यांनी एकदाच तोंड उघडलं, पंखा कमी करा म्हणायला. आणि लघुलेखिकाबाई, ज्या बोललेलं सगळं लिहून घेत आणि न बोललेलंही बरंचसं लक्षात ठेवत.

आम्ही जनतेकडून अर्थ मागवले. दोन हजार एकशे चौदा आले. एकसष्ट टक्क्यांच्या मते हत्ती म्हणजे परमेश्वर, बावीस टक्क्यांच्या मते सरकार, अकरा टक्क्यांच्या मते वडील. उरलेल्यांचं म्हणणं, हत्तीचं पान फाटलंय, नवी प्रत पाठवा. एका सहा वर्षांच्या मुलीनं लिहिलं होतं की हत्तीला कुणी बोलावलंच नसेल. (वय कमी असल्यानं पत्र बाद.)

लेखिकेलाच विचारावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही असं नाही. पण लेखिका पडल्या हितसंबंधी व्यक्ती. आपल्याच पुस्तकाबद्दल त्या तटस्थपणे काय सांगणार? नवव्या वर्षी मात्र लघुलेखिकाबाई सहज म्हणाल्या की लेखिका आमच्या मागच्याच गल्लीत राहतात, भाजी घेताना रोज भेटतात. एवढ्या जवळ राहणाऱ्या माणसाला टाळणं बरं दिसेना. आम्ही समन्स काढलं. ते लघुलेखिकाबाईंनीच भाजीच्या पिशवीतून नेऊन दिलं.

लेखिकाबाई आल्या त्या नवऱ्याला घेऊन. बाई एकोणऐंशीच्या, पोस्टाच्या खिडकीत नोकरी झालेली. नवरा चौऱ्याऐंशीचा. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा, आणि या पुस्तकातली चित्रंही त्यांचीच. बाई खुर्चीत बसायच्या आत गृहस्थांनी सुरुवात केली. हिनं मला तेव्हाच सांगितलं, ते म्हणाले, की जे खरोखर मोठं असतं ते दाखवायचं नसतं. बाकीच्यांकडे पाहून ते किती मोठं असेल हे ओळखायचं असतं. मग शेळीच्या मानेचा कोन, बदकाची वर गेलेली नजर, असं पाऊण तास. हेडसरांनी दोनदा डोळे पुसले. नऊ वर्षांचं काम सार्थकी लागलं होतं. एवढ्यात गृहस्थांना ठसका लागला आणि ते पाणी प्यायला व्हरांड्यात गेले.

हेडसरांनी नियमाप्रमाणे बाईंना विचारलं, हे सगळं आपल्याला मान्य आहे ना?

बाईंनी दाराकडे एकदा पाहून घेतलं.

“यांना हत्ती जमत नव्हता हो,” त्या म्हणाल्या.

लघुलेखिकाबाईंची पेन्सिल थांबली.

मग बाईंनी सगळं सांगितलं. मूळ गोष्टीत हत्ती होता, चांगला अकरा पानं. बाईंच्या भावाचा छापखाना. त्याचं रंगाचं यंत्र दुरुस्तीला जायचं होतं म्हणून त्यानं घाईघाईनं तीन हजार मुखपृष्ठं आधीच छापून टाकली, हत्तीच्या नावासकट. इकडे नवरा आतल्या पानांचे हत्ती काढायला बसला. पहिला हत्ती उलट्या पडलेल्या स्कूटरसारखा दिसत होता. दुसरा कपाटासारखा, आणि कपाटाला नळ. तिसरा थेट बाईंच्या मावशीसारखा (मावशी त्या वेळी घरातच होत्या आणि त्यांनी तो पाहिला). सातव्या हत्तीनंतर नवऱ्यानं ब्रश आणि रंगाचे डबे गोळा केले आणि भंगारवाल्याकडे निघाला. बाईंनी त्याला दारात अडवलं, एका दुपारात अकराच्या अकरा पानांतून हत्ती काढून टाकला, त्याची दोन-चार वाक्यं तेवढी शेळीला दिली, आणि नवऱ्याला सांगितलं की मोठं ते दाखवायचं नसतं.

“खरं वाटलं त्यांना,” बाई म्हणाल्या. “त्यानंतर माझ्या सव्वीस पुस्तकांची चित्रं काढली त्यांनी. बोटीच्या पुस्तकात बोट नाही. डोंगरावरच्या पुस्तकात डोंगर नाही. मी काय बोलणार? पन्नास वर्षं होत आली. आता नका सांगू त्यांना.”

हेडसरांनी मला खुणेनं बाहेर पाठवलं. गृहस्थांना जरा रमवून ठेवावं, असा त्या खुणेचा अर्थ होता.

गृहस्थ नळापाशी उभे होते. त्यांचा ठसका मला अगदी बरा झालेला दिसला. त्यांनी विचारलं, सांगितलं का हिनं? मी सरकारी नोकर, मी काहीच सांगितलं नाही. ते हसले, माझ्या खिशातली पेन्सिल काढून घेतली, माझ्याच रजेच्या अर्जाच्या पाठीवर चार रेघा ओढल्या आणि कागद माझ्यापुढे धरला. हत्ती होता. सोंड, कान, डोळ्याखालच्या सुरकुत्या, सगळं जागच्या जागी. आता चालायला लागेल असा.

“तिचा हत्ती उपदेश करायचा,” ते हळूच म्हणाले. “अकरा पानं. दात घासा, रांगेत उभे राहा, मोठ्यांचं ऐका. पहिलंच पुस्तक तिचं, रोज मला वाचून दाखवायची. कुठल्या तोंडानं सांगू?”

म्हणून त्यांनी सात वाईट हत्ती काढले. वाईट हत्ती काढणं फार कठीण असतं, हात आपोआप चांगला काढायला जातो, असं त्यांचं म्हणणं पडलं. मावशीचं चित्र जरा जास्तच झालं आणि भंगारवाल्याचं नाटक तर फारच, हे त्यांनी कबूल केलं. मग त्या सव्वीस पुस्तकांचं काय, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी मला समजुतीनं सांगितलं की बायकोनं एकदा मोठं दाखवायचं नसतं म्हटल्यावर पुढच्या पुस्तकात बोट कुठल्या तोंडानं दाखवायची? तिला वाटलं असतं, आपल्या बोलण्यात काही अर्थ नव्हता.

त्यांनी तो कागद फाडून तुकडे टोपलीत टाकले. (रजा गेली.) “हिला सांगू नका,” ते म्हणाले आणि आत गेले.

समितीची खाजगी बैठक झाली. मी व्हरांड्यातली हकिकत सांगितली. शेवटी वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले की दोघांचंही खरं लिहिलं तर या वयात दोघं घरी जाऊन बोलणार काय? नऊ वर्षांतलं ते त्यांचं दुसरं वाक्य, आणि ते एकमतानं मंजूर झालं. अहवाल दोनशे बारा पानांचा झाला. निष्कर्ष एका ओळीचा: जे मोठं असतं ते दाखवायचं नसतं. नवरा-बायकोनं अहवालावर शेजारी शेजारी सह्या केल्या आणि एकमेकांकडे अशा काही दयेनं पाहिलं की हेडसरांना खिडकीपाशी जाऊन उभं राहावं लागलं.

समिती तिथंच बरखास्त व्हायची. पण लघुलेखिकाबाई भाजी घ्यायला गेल्या, आणि नावं न सांगता एवढंच बोलल्या की आमच्या कचेरीत असली जबानी सुरक्षित राहते. दुसऱ्या दिवसापासून लिफाफे यायला लागले, घरच्या माणसाला तोंडावर सांगता न आलेल्या गोष्टींचे. कुणाची आमटी, कुणाचं गाणं, कुणाची प्रवासवर्णनं. सत्तावीस टक्के लिफाफे नुसत्या विनोदांबद्दल आहेत, म्हणजे घरातला कर्ता माणूस जेवताना सांगतो ते, आणि सगळे हसतात ते. आजवर चौतीस हजार झाले. आम्ही ते उघडत नाही, फक्त वर लिहिलेला पत्ता आणि विषय पाहून कपाटात लावतो.

वाचकहो, कपाट तपासताना आपला पत्ताही दिसला. एकाच घरातून तीन लिफाफे आलेत, तिन्हींवर अक्षर वेगवेगळं, आणि त्यातलं एकही आपलं नाही. काळजी नसावी. इथं सगळं सुरक्षित आहे. आपण आपलं चालू ठेवावं. घरात सगळ्यांना फार आवडतं.