थांब रे देवा, उनू मी!

देवाला ताटकळत ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे याकोबनाना. डोळे मिटून, हात जोडून प्रार्थना अगदी रंगात आलेली असते आणि बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाक मारतं. झालं! नाना टुणकन उठतात, छताकडे बघून म्हणतात, "थांब रे देवा, उनू मी!" आणि चपला सरकवून चालू लागतात. उनू म्हणजे आलो. नाना मूळचे साक्रीकडचे. आमच्याशी बोलताना जळगावची शहरी मराठी सांभाळायला बघतात, मधूनच घसरतात; पण देवाशी मात्र निव्वळ अहिराणीच.

नोकरीत असताना नाना वायरमन होते. आता पंचाहत्तरीला टेकलेत, पण गल्लीत फ्यूज उडाला की अजून लोक त्यांनाच हाक मारतात. त्याचं मला काही नाही. पण हा गृहस्थ दुसऱ्याला मारलेल्या हाकेलाही ओ देतो! भाजीबाजारात कुठलीही बाई "अहो" म्हणाली की नाना गर्रकन वळलेच.

"नाना, ती तिच्या नवऱ्याला म्हणतेय," मी एकदा वैतागून म्हणालो.

"माहीत शे. पण पाहायला काय जातं?"

एका बुधवारी आमच्या घरी प्रार्थनासभा होती. मी नानांना प्रार्थना करायला सांगितलं. माझीच अक्कल! "हे दयाळू बापा, या घरावर तुझा आशीर्वाद..." इथपर्यंत नाना आले आणि शेजारच्या दारात कुणाची तरी हाक ऐकू आली. "थांब रे देवा, उनू मी!" आम्ही पंधरा माणसं डोळे मिटून तशीच. आमेन झालेलं नाही, त्यामुळे डोळे उघडावेत की नाही हे कुणालाच कळेना. आतमध्ये भरीत थंड होत होतं. बऱ्याच वेळानं नाना कोथिंबिरीची जुडी घेऊन परतले, "भाजीवाली होती," म्हणाले, पुन्हा डोळे मिटले आणि "...राहू दे" असं म्हणून वाक्य पुरं केलं. मी सोडून सगळे हसले.

मी कसा हसणार? मी आमच्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी. त्यात पेशानं मास्तर. तीन वर्षांपूर्वी फैजपूरहून बदली होऊन इथं आलो तेव्हापासून मंडळीला शिस्त लावायचा मी विडाच उचलला होता. उपासनेत कुणाचा मोबाइल वाजला तर मी असा बघायचो की पुढच्या रविवारी तो माणूस मोबाइल घरी ठेवून यायचा. घरी तर बघायलाच नको. संध्याकाळी सातला मी प्रार्थनेला बसलो की बायकोनं हाक मारायची नाही, हा नियम. लग्नानंतर सुरुवातीला ती मारायची. मी डोळे न उघडता नुसता हाताचा पंजा वर करायचो. दोनचार महिन्यांत वळण लागलं. हे मी लोकांना अभिमानानं सांगत असे.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आमच्याकडे साखळी प्रार्थना असते. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, अर्ध्या अर्ध्या तासाला एक जण. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायचं आणि पुढचा माणूस येऊन शेजारी टेकेपर्यंत उठायचं नाही. साखळी तुटता कामा नये. तक्ता मी करतो, पट्टीनं रेघा मारून. यंदा मी नानांना त्यात धरलंच नव्हतं. तर ते स्वतः घरी आले.

"मला अडीच ते तीन दे भाऊ. दुपारी बठ्ठा लोक झोपेल ऱ्हातस, सगळी गल्ली चिडीचूप. कोणी हाक मारणार नाही."

"नाना, जमेल का तुम्हाला?"

"पाच वर्षं झाली, माझी एक प्रार्थना आमेनपर्यंत पोचली नाही. एक तरी पोचू दे." त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. मी तेव्हा ते बघितलं, पण त्याचा विचार काही केला नाही. नाव मात्र लिहिलं.

त्यांच्यानंतरचा अर्धा तास माझा. पावणेतीनला मी चर्चमध्ये पोचलो तर बाक रिकामा! उघडं बायबल, त्यावर नानांचा चष्मा, आणि माणूस गायब. चष्मा हरवू नये म्हणून खिशात टाकला आणि बाहेर आलो. समोरच्या घराच्या खिडकीशी नाना, त्या तळपत्या उन्हात, बादलीनं कूलरमध्ये पाणी ओतत होते. घरातली बाई लाजून चूर झाली होती. "मी आमच्या ह्यांना हाक मारली होती हो," ती मला म्हणाली. तिचे 'हे' आतमध्ये घोरत होते.

माझं टाळकंच सटकलं. तिथं गप्प बसलो, पण रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसमोर तक्ता काढला, लाल पेनानं नानांचं नाव खोडलं आणि म्हणालो, "ज्याला देवासाठी अर्धा तास बसवत नाही, त्यानं साखळीत हात घालू नये." दोघंतिघं हसले. नाना उभे राहिले, "बरोबर शे भाऊ," म्हणाले आणि गेले. त्या दिवशी त्यांनी गीतांचं पुस्तक लांब धरून वाचायचा प्रयत्न केला होता, हे मला मागाहून आठवलं. चष्मा माझ्याच खिशात राहिला होता.

दुपारी तो द्यायला त्यांच्या घरी गेलो. नाना एकटेच असतात. मुलगी धुळ्याला दिलेली. नानी मी यायच्या आधीच गेलेल्या, चक्कर येऊन पडल्या एवढंच मी ऐकलं होतं. नानांनी चष्मा घेतला, मला पाणी दिलं. मी उगाच म्हणालो, "नाना, एवढं काय अवघड आहे? हाक आली तर येऊ द्यायची. लक्ष देवाकडे."

"तेच तर करायचो मी," नाना म्हणाले. "तुझ्यापेक्षा कडक होतो. डोळे मिटले की घर पडलं तरी उघडायचे नाहीत. त्या दिवशी हिनं आतून हाक मारली, अहो. मी हात वर केला, थांब म्हणून. पुन्हा मारली. मी मनात म्हटलं, हा सैतान माझं ध्यान मोडतो. आणि नेट लावून बसलो. तिसरी हाक आलीच नाही. मला बरं वाटलं, भाऊ. चला, शांत झालं म्हटलं. मग आणखी दहा मिनिटं प्रार्थना केली. तिच्याच तब्येतीसाठी. आमेन म्हटलं आणि उठून आत गेलो."

पुढचं मला ठाऊक होतं. मला वर बघवेना. त्या लाल रेघेची अशी लाज वाटली की काय सांगू. मी घाईघाईनं म्हणालो, "नाना, तुमचं नाव मी परत लिहितो. तुमच्या अर्ध्या तासाला मी दारात बसेन. कुणी हाक मारली तर मी उठेन. तुम्ही आमेन होईपर्यंत बसा."

नाना हसले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू उठशील रे. पण तिला मी पाहिजे होतो."

नाव लिहू दिलंच नाही त्यांनी. तक्त्यावर ती रेघ अजून तशीच आहे.

त्या संध्याकाळी मी सातला प्रार्थनेला बसलो. डोळे मिटले, पण सगळे कान स्वयंपाकघराकडे. म्हटलं, आज हिनं हाक मारू दे, लगेच उठतो. हाक येईना. भांड्यांचा आवाज येत होता, काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, हाक काही आली नाही. येणार कशी? वीस वर्षांपूर्वी मीच बंद केलेली.

"थांब रे देवा, उनू मी," असं पुटपुटत मी उठलो आणि आत गेलो. बायको डगमगत्या स्टुलावर, टाचा उंचावून, वरच्या फळीवरचा पिठाचा जड डबा एकटीच ओढत होती. मी धावत जाऊन स्टूल धरलं.

"अगं, मला हाक का नाही मारलीस?"

तिनं दचकून खाली बघितलं.

"तुम्ही प्रार्थनेत होतात ना," ती म्हणाली.