शालनकाकूंच्या ताब्यात

शालनकाकूंना तुमचं नाव सांगून काही उपयोग नाही. त्यांना गाव सांगावं लागतं. सकाळी सहाच्या सुमारास नाशिकला पंचवटीत रामकुंडावर गेलात तर पायरीवर एक ठेंगण्या, सडसडीत बाई कपड्यांच्या ढिगांमध्ये बसलेल्या दिसतील आणि त्यांचा खणखणीत आवाज ऐकू येईल, "ए लातूर! टॉवेल राहिला तुझा! आणि जळगाव, चष्मा न घालता कुठं निघालात? पडाल!"

हा त्यांचा धंदा नाही. कुणी दहा रुपये पुढे केले तर त्या अशा बघतात की माणूस ते देवळाच्या पेटीत टाकून मोकळा होतो. बाहेरगावची माणसं आंघोळीला कुंडात उतरतात, त्यांचे कपडे, चपला, पिशव्या कुणी बघायला नको का, एवढाच त्यांचा मुद्दा. "ठेवा आणि विसरा," असं म्हणून त्या सामान ताब्यात घेतात. नवरा गेल्यापासून गेली वीसेक वर्षं रोज हे चाललंय. एकदा एका यात्रेकरूचा मोबाइल सारखा वाजत होता. काकूंनी उचलला आणि सांगितलं, "ते गंगेत गेलेत." पलीकडे रडारड सुरू झाली, तेव्हा शांतपणे पुढे म्हणाल्या, "अहो, आंघोळीला! डोकं पुसतायत आता." नाशिकच्या जुन्या माणसांप्रमाणे गोदावरीला त्या गंगाच म्हणतात, पण हे पलीकडच्यांना कसं कळावं!

आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. लग्नाकार्यात त्या पर्सांच्या ढिगाऱ्याशेजारी बसतात आणि शेवटच्या पंगतीला जेवतात. मी एकदा चार दिवस गावाला गेलो होतो. परत आलो तर घर लख्ख होतं आणि लोणच्याची बरणी गायब. "बुरशी आलेली, टाकली," म्हणाल्या. बुरशी नव्हती, मेथी होती. पण काकूंशी वाद कोण घालणार?

तर अशा काकू एक दिवस मला म्हणाल्या, "विनायक, तू मुंबईला फ्रेमा आणायला जातोस ना? मला एकदा समुद्र दाखव. गिरगावची चौपाटी."

माझं चष्म्यांचं दुकान आहे, महिन्यातून एकदा मुंबईची फेरी असतेच. पण समुद्राचं मला काही खरं वाटेना. काकूंचा मुलगा मंदार मुंबईत नोकरीला आहे, ऑफिस चौपाटीपासून जवळ. गेल्या दोन दिवाळ्या तो नाशिकला आलेला नव्हता. सुट्टी मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. निघायच्या दिवशी मी विचारलं, "मंदारला कळवलंय?" काकू पदराला गाठ मारत म्हणाल्या, "पाच वाजता येतो म्हणालाय. आला तर आला. मी समुद्र बघायला चाललेय." समुद्र बघायला निघालेल्या बाईंनी ठेवणीतलं नारायणपेठी लुगडं नेसलं होतं आणि बरोबर दोन किलो चिवडा घेतला होता.

चारला आम्ही चौपाटीवर पोचलो. काकू बराच वेळ समुद्राकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, भारावल्या.

"पायऱ्या कुठायत?" त्यांनी विचारलं.

"काकू, समुद्राला पायऱ्या नसतात."

"मग लोक उतरतात कुठून?"

"कुठूनही."

"म्हणजे शिस्त नाही."

त्यांना खूश करावं म्हणून मी इतिहास काढला. या वाळूवर स्वातंत्र्यासाठी केवढाल्या सभा झाल्या, माणसांचा समुद्र लोटायचा, वगैरे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढे मोठमोठे लोक येऊन गेले, आणि एकालाही घाट बांधायचं सुचलं नाही?"

इतक्यात त्यांना वाळूवरच्या चपला दिसल्या. मुंबईचे लोक चपला जिथल्या तिथे सोडून लाटांत पाय बुडवायला जातात. काकूंच्या दृष्टीनं हा अनर्थच होता. मी "काकू, राहू द्या," म्हणेपर्यंत त्यांनी सात जोड गोळा केले, वाळू झटकली आणि ओळीत लावून शेजारी बैठक मारली.

पाण्यातून कॉलेजच्या मुलींचा एक घोळका आला. चपला जागेवर नाहीत म्हटल्यावर आरडाओरडा सुरू झाला. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. काकूंनी हात वर केला. "इकडे या! आहेत इथं!"

एका मुलीनं घाबरत विचारलं, "आंटी, किती द्यायचे?"

"पैसे कसले? गाव कुठलं तुझं?"

"कांदिवली."

"मग कांदिवली, पट्टा तुटायला आलाय उजव्या चपलेचा. आजच शिवून घे."

मुली हसत सुटल्या. हसणं बघून लोक जमले आणि पाच मिनिटांत आपणहून चपला आणून द्यायला लागले. भायखळा, कुर्ला, मुलुंड असे जोड लागले. एका गुजराती आजोबांनी तर कवळी डबीत घालून दिली. कवळी का काढली ते त्यांनाच ठाऊक. काकूंनी डबी वेगळी ठेवली आणि म्हणाल्या, "ठेवा आणि विसरा."

पाच वाजले. माझ्या फोनवर मंदारचा मेसेज आला, 'निघतोय'. साडेपाचला आला, 'निघतोच आहे'. मी काकूंना वाचून दाखवले. "असू दे, काम असेल," म्हणाल्या. पण पांढरा शर्ट घातलेलं कुणी वाळू तुडवत येताना दिसलं की बोलता बोलता त्यांचं वाक्य तुटायचं.

तेवढ्यात एक हवालदार आला. मला वाटलं, आता परवानगीचं काढणार. तो म्हणाला, "मावशी, भरती सुरू झालीय. मागं सरका."

"इथं मारुती नाही का?" काकूंनी विचारलं.

हवालदार गोंधळला. मला समजावून सांगावं लागलं. आमच्याकडे गंगेला पूर आला की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं की कमरेपर्यंत, यावरून अख्खं नाशिक काय ते समजून घेतं.

"नाही हो," हवालदार म्हणाला, "भरतीची वेळ ठरलेली असते. छापून येते."

"पूर वेळेवर येतो? रोज?" काकू थक्क झाल्या. "बघ विनायक. समुद्रसुद्धा इथं वेळ पाळतो."

मग तेवीस जोड चपला, चार पिशव्या आणि एक कवळी मी वीस पावलं मागं वाहून नेली. नाशिकच्या बाजारपेठेत मला लोक शेठ म्हणतात.

सहा वाजले. सूर्य पलीकडच्या टेकडीला टेकला. मला मंदारचा सणकून राग आला होता. काकूंना म्हणालो, "निघू या का? कसारा घाट लागायचाय."

"एवढी मुलुंडची माणसं येऊ देत," त्या म्हणाल्या. मुलुंडची माणसं केव्हाच चपला घालून गेली होती.

पावणेसातला मंदार आला. धापा टाकत, गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर बॅग. वाकून नमस्कार केला आणि पहिलं वाक्य, "आई, सॉरी गं, अर्धाच तास आहे. परत जायचंय मीटिंगला."

मला वाटलं, आता काकू रडतील, नाही तर फाडफाड बोलतील. त्या म्हणाल्या, "बूट काढ."

"काय?"

"बूट काढ आणि पाण्यात जाऊन ये. तोंड बघ कसं झालंय."

"आई, मला नाही जायचं पाण्यात. तुझ्याशी बोलायला आलोय."

"काढ म्हणते ना."

इतक्या मोठ्या कंपनीत इतक्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसानं निमूटपणे बूट काढले. मोजे त्यात कोंबले. घड्याळ दिलं, पाकीट दिलं, बॅग दिली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वाळूतून चालत गेला. पहिली लाट पायावर आली तेव्हा तो दचकून मागं उडाला आणि मोठ्यानं हसला. त्याचं हसणं मी कित्येक वर्षांनी ऐकलं.

बाकी सगळ्यांच्या चपला काकूंनी हातभर अंतरावर वाळूत मांडल्या होत्या. मंदारचे बूट मात्र त्यांनी मांडीवर घेतले होते. ठेवणीतल्या नारायणपेठीवर.

अर्धा तास झाला. पलीकडचे दिवे केव्हाच लागले होते. तो अजून पाण्यातच होता, लाटांकडे बघत. मीच शेवटी उठलो. कितीही राग आला तरी बिचाऱ्याची मीटिंग होती. "काकू, हाक मारतो त्याला. उशीर होईल त्याला."

काकूंनी माझ्या शर्टाचं टोक धरून मला खाली बसवलं.

"गप बस," त्या म्हणाल्या. दोन्ही हात त्यांनी बुटांवर ठेवले होते. "बूट माझ्याकडे आहेत. जातोय कुठं तो?"