गोल ताऱ्यांसाठी तीस फेऱ्या

काकांनी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना छाती पुढे काढून शब्द दिला होता. "विज्ञानदालनात मी काढलेला आभाळाचा फोटो लावा. एकेक तारा मोहरीच्या दाण्यासारखा गोल नसेल, तर नाव बदलीन!" बाईंनी लगेच दाराएवढी रिकामी चौकट भिंतीवर ठोकली. उद्घाटन सोमवारी. आता माघार कुठली?

काकांचं उभं आयुष्य लेथ मशीनवर गेलेलं. ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवायचं यंत्र त्यांनी घरीच केलं होतं. दोन फळ्या, मधे बिजागरी, खालून लांब स्क्रू. बिजागरी ध्रुवताऱ्याकडे रोखायची आणि स्क्रू मिनिटाला बरोबर एक फेरी फिरवायचा. वरच्या फळीवरचा कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकत राहतो, म्हणजे तारे रेघा न होता गोल उमटतात.

पहिली फिल्म त्यांनी न्हाणीघरात धुतली. काकूंनी ती उजेडात धरली.

"हे तारे? मला तर टाचण्या सांडल्यासारखं दिसतंय."

काका दोन दिवस फळ्या मोजत बसले. ध्रुवतारा तपासला, बिजागरीला तेल दिलं. शेवटी कळलं, स्क्रूच उलटा फिरवला होता! तारे एकीकडे, कॅमेरा दुसरीकडे. रुसलेल्या जावांसारखे.

दुसऱ्या फिल्ममधे मधले तारे गोल आले, पण कोपऱ्यातल्यांना पंख फुटले.

"मधे तारे, कडेला पाखरं," काकू म्हणाल्या. "चालेल की!"

"चालेल कसं? भिंगाचं तोंड सताड उघडं ठेवलं, त्याचा हा प्रताप! तोंड बारीक केलं की कोपरे सुधारतील."

पण तोंड बारीक केलं की उजेड चौथाई. म्हणजे सहा मिनिटांच्या जागी चोवीस. त्यात फिल्मला फार वेळ उजेड पाजला की तिची भूक मरते, म्हणून आणखी सहा. एकूण तीस मिनिटं, तीस फेऱ्या, आणि एकही धक्का नाही!

शनिवारी रात्री ढग हटले तेव्हा सव्वानऊ वाजले होते. दहाला चंद्र उगवणार. त्यानंतर आभाळ दुधाळ होणार आणि फोटो गेला. एकच संधी! काका गच्चीवर गुडघे टेकून बसले. काकूंनी विजेरीला लाल कागद गुंडाळला आणि घड्याळ धरलं.

"सुरू करा. पाव... अर्धी... पाऊण... एक!"

दहा फेऱ्या झाल्या. काकांचे गुडघे बोलू लागले. बाराव्या फेरीला शेजारच्या वकिलांच्या गच्चीवरचा दिवा भपकन लागला!

"टोपी!" काका दबक्या आवाजात किंचाळले. "भिंगासमोर टोपी धर! कॅमेऱ्याला लावू नकोस!"

काकूंनी काकांच्या डोक्यावरची काळी टोपी हिसकावली आणि भिंगापुढे धरली. टोपी भिंगापासून बोटभर दूरच राहिली.

"कोण आहे तिकडे?" वकील ओरडले.

"आम्हीच आहोत, भाऊजी! दिवा घालवा!"

"अंधारात काय करताय?"

"स्क्रू फिरवतायत हे!"

वकिलांनी घाईघाईने दिवा घालवला. मग ते पाय न वाजवता खाली गेले. टोपी बाजूला झाली. वाया गेलेलं मिनिट काकांनी हिशेबात वाढवलं.

सव्विसाव्या फेरीला काकांच्या नाकात शिंक भरून आली. डोळे विस्फारले, तोंड उघडलं. स्क्रू सोडता येईना, की मान वळवता येईना. काकूंनी घड्याळ दातात धरलं आणि मोकळ्या हाताने त्यांचं नाक असं दाबलं, की शिंक थेट पोटात परत गेली.

"फत्तावीफ!" घड्याळ दातात धरूनच काकू म्हणाल्या.

एकतिसाव्या फेरीला काकूंनी पुन्हा टोपी धरली, काकांनी शटर मिटवलं, आणि पूर्वेला आभाळ उजळू लागलं.

इतकी मोलाची फिल्म न्हाणीघरात धुवायची काकांची छाती होईना. रविवारी सकाळी ती त्यांनी स्टुडिओवाल्याच्या हातात दिली. तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस. संध्याकाळी त्याने पाकीट पुढे केलं.

"काका, फिल्म कोरीच निघाली हो. नुसती धूळ बसलीय."

काकांनी पट्ट्या उजेडात धरल्या. तारे गोल होते! कोपऱ्यातलेसुद्धा! पण अर्धे एका पट्टीवर आणि अर्धे दुसरीवर.

"हे... हे कापलं कोणी?"

"मीच. पाकिटात बसायला नको का? काळ्या आभाळात फ्रेमची कड कुठून दिसणार? अंदाजानं कात्री चालवली, कच्च! आधी एखादा दिवसाचा फोटो काढायचा ना, त्यावरून माप घेतलं असतं!"

काका स्टुलावर बसले. ते रडणार की मारणार, हे स्टुडिओवाल्याला कळेना, म्हणून त्याने रात्रभर जागून दोन्ही तुकडे किंचित एकावर एक ठेवले आणि मोठी प्रत काढून दिली. जोडावर वरपासून खालपर्यंत एक झगझगीत पांढरी रेघ उमटली.

सोमवारी पडदा सरकला. काकांनी डोळे मिटून घेतले.

"बाप रे! उल्का!" बाई ओरडल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे रेघेकडे बोट दाखवू लागले. गोल ताऱ्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"काका, नशीब लागतं हो याला!" बाईंनी विचारलं, "किती वेळ दिसली?"

मागच्या रांगेत स्टुडिओवाला खुर्चीखाली काहीतरी शोधू लागला. काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा काकूंकडे.

"कच्च!" त्यांच्या तोंडून निसटलं. "एवढाच वेळ."