दिवा चालू, दूध बाहेर

चौगुले सर मिसळ खायला निघाले तरी आधी कागदावर तक्ता काढायचे. हॉटेल उघडं की बंद, कट शिल्लक की संपलेला. चार चौकटी, चारही भरलेल्या. 'हॉटेल बंद, कट शिल्लक' या चौकटीतसुद्धा लिहिलेलं असायचं, 'मागच्या दारानं विचारणे.'

निवृत्त होईपर्यंत ते पॉलिटेक्निकमध्ये डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. मी तिथला ग्रंथपाल. शाहूपुरीत आमची दारं समोरासमोर, आणि दोघंही एकटे. त्यांच्या विषयात एक सोय असते. जी परिस्थिती कधी येणारच नाही तिच्या चौकटीत फुली मारायची. तिथं उत्तर काहीही धरलं तरी चालतं, आणि सर्किट सोपं होतं. सर हे शिकवायचे, पण चिडून. "पेपरात मारा फुली. घरात मारू नका!"

एका रविवारी मी सकाळपासून वाचत पडलो होतो. दारावर धडाधडा थापा पडल्या.

"ओ ग्रंथालय! हाय का न्हाय?"

मी पुस्तकात बोट ठेवूनच दार उघडलं.

"दिवा चालू, दूध बाहेर. म्हटलं बघावं की." त्यांनी कडीला अडकवलेली दुधाची पिशवी काढून माझ्या हातात दिली.

"कटकट आहे नुसती," मी म्हणालो. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

पुढच्या आठवड्यात ते स्वतःच्या घराचा तक्ता घेऊन आले. दिवा चालू की बंद, दूध आत की बाहेर, आणि त्या त्या वेळी शेजाऱ्यानं काय करायचं. "माझ्या चौकटी तुम्ही भरा." सर आधी दूध आत घ्यायचे, मगच दिवा लावायचे, वर्षानुवर्षं. म्हणून 'दिवा चालू, दूध बाहेर' इथं मी फुली मारली.

"हे तुमच्याकडे होणारच नाही, सर."

त्यांनी फुलीकडे बघितलं. "सोपं झालं की तुमचं."

गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांच्या दारावरच्या झरोक्यात उजेड होता आणि कडीला दूध. माझ्या दाराला कुलूप लावताना मला ती फुली आठवली. आज सर चुकले, म्हणून हसूसुद्धा आलं. मी कामावर गेलो.

दुपारी परतलो, तर पिशवी तिथंच. दार तोडावं लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी कुणाच्या लक्षात आलं नाही?"

सर गेले. कागलहून आलेल्या पुतण्यानं घर आवरताना दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद मला आणून दिला. वर लिहिलं होतं, 'ग्रंथालय'. खाली माझ्या चार चौकटी. फुली एकही नव्हती.

'दिवा चालू, दूध बाहेर: दार वाजवणे. चिडतील. तरी वाजवणे.'